आठ चौकटींचा माणूस

पिक्चर सोलापुरात चारच दिवस होता.
आमचा वेणू तिकिटाच्या रांगेतून परत आला,
दारवाला म्हणाला, आधी मिसरूड फुटू दे.
मी तर रांगेतही नव्हते.

खेळ मात्र घरी आला, कॅसेटमधून.
मामा मस्कतहून उतरला तेव्हा
बॅगेत पाटीएवढा कॉम्प्युटर,
खोडरबरासारखी मऊ बटणं,
आणि कॅसेटच्या वेष्टनावर तो:
दातात दोर, मागे पेटलेली इमारत,
कपाळावरचं रक्त अगदी ओलं.

यायला साडेसहा मिनिटं लावायचा.
टेपरेकॉर्डर किंचाळत राहायचा,
टीव्हीच्या कडेने पट्टे पळायचे,
भिंतीपलीकडे चार माग खडखडत.
अम्मा विचारायची, कुणाचा गळा कापताय?
लाइट गेली, की माग थांबायचे, तोही थांबायचा.
माग जिथे थांबले तिथूनच पुढे चालायचे.
तो पहिल्यापासून.

शेवटी आला, तर काय,
पांढऱ्या ठिपक्यांचा एक पुंजका.
ना दात, ना दोर, ना कपाळ.
"हाच का बे?" वेणूचा दोस्त म्हणाला.
"हाच."
जरा वेळ कुणी काही बोललं नाही.
मग ते जिना चढायला लागले.

नाना चादरीची नक्षी काढायचे, आलेखाच्या कागदावर,
मोराला किती घरं, वेलीला किती.
चष्मा कपाळावर सारून टीव्हीजवळ वाकले
आणि मोजलं. "आठ चौकटीत माणूस बसवलाय.
गुडघासुद्धा दाखवलाय एका घरात.
ज्यानं केलं, त्याला काम येतं."
हिरोचं एवढं कौतुक नंतर कुणी केलं नाही.

माझी पाळी दुपारी,
पोरं विहिरीवर पोहायला गेली की.
सूप बाजूला सरकवायचं, तंबाखूची बोटं परकराला पुसायची.
हजार विड्या वळणाऱ्या हाताला
तीन बटणं म्हणजे काय?
डावीकडे, उजवीकडे, उडी.
प्रत्येक मजल्यावर एक पहारेकरी,
तोही आठच चौकटींचा, फक्त टोपी जास्त.
मेलं तरी दोन जीव शिल्लक.
अम्मा पान कातरता कातरता म्हणाली,
"तीन तीन? आणि पगार किती?"

उन्हाळ्यातल्या एका मंगळवारी मी गच्चीवर पोचले.
तेराव्या मजल्यावरून, एका जीवावर.
वर हेलिकॉप्टर होतं, विंचवासारखं.
इंग्रजीत एक ओळ आली, मला वाचता आली नाही,
अक्षरांचे आकार तेवढे धरून ठेवले.
आणि पुन्हा पहिली पायरी,
पहारेकरी दुप्पट वेगात.

वेणू म्हणाला, "थापा."
मी नानांच्या कागदावर गच्ची काढून दाखवली,
घर न् घर मोजून.
"थापा. गच्ची कुणीही काढेल."
त्या दिवशी माझ्या तीनशे विड्या कमी भरल्या,
तेवढाच माझा पुरावा.

परवा नातवाच्या मोबाइलवर पिक्चर सापडला.
छत्तीस वर्षांनी. मी चहा गॅसवर तसाच ठेवून बसले.
हिरोला नाक होतं. आवाज जरा चिरका.
पहारेकरी होता, एकच, म्हातारा,
डबा उघडून खात होता, त्याला कुणी मारलंही नाही.
आणि जिना?
तो जिना चढतच नाही.
लिफ्टमध्ये शिरतो, बटण दाबतो,
आरशात केस नीट करतो,
आणि वर जातो.

मी नातवाला म्हटलं, मागे घे.
पुन्हा लिफ्ट.
पुन्हा मागे घे.
दार बंद होण्याआधी, डाव्या कोपऱ्यात,
अंधारात जिन्याच्या चार पायऱ्या दिसतात.
चारच.
"आज्जी, तुझा अंगठा का हलतोय?"
चहा उतू गेला होता.